गुरुदासचं गाऱ्हाणं

नवऱ्याचं नाव बाईनं घेऊ नये म्हणतात. मी घेते. गुरुदास. तोंडावर अहो-जाहो आणि पाठीमागे अरे-तुरे, सगळ्याच बायका तसं करतात, मी कबूल करते एवढाच फरक. देवगडला सातवीच्या व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत शिकले म्हणून हे सगळं शुद्ध मराठीत सांगतेय. डोकं फिरलं की मालवणीत जाईन, तेव्हा सांभाळून घ्या.

तर हा गुरुदास मिठबावच्या हुतुतूच्या टीमपायी खुळा झालेला होता. आमचं लग्न पंचावन्न सालचं. वरात दारात आली, मी माप ओलांडायला उंबऱ्यावर पाय उचलला, आणि बाजूला बघते तर नवरा नाही. पलीकडच्या मळ्यात आमच्या पोरांचा सामना चालला होता, तिथे कोण पुढे आहे एवढंच बघून येतो म्हणून हा शालूची गाठ सोडून पळाला. सासूबाई म्हणाल्या, "बस गो जानकी, हरल्यार येतलो." आणि आला तो खरंच हरल्यावर. तोंड असं पडलेलं की माझ्या माहेरच्यांना वाटलं, पोरीत काहीतरी खोट निघाली.

आमची टीम अगदीच टाकाऊ होती असं नाही. पहिला सामना जिंकायची, कधी दुसराही. पण बक्षिसाची ढाल जवळ दिसायला लागली की कुणाच्या पोटरीत गोळा येई, कुणाच्या सासऱ्याला तेव्हाच मरायचं सुचे, आणि चांगला तयार झालेला गडी तर हटकून मुंबईला गिरणीत चिकटायचा. गावातले शहाणे लोक दोन वर्षं बघायला येत आणि मग घरी बसत. गुरुदास जातच राहिला. आचरा असो, मालवण असो, बैलगाडीनं, होडीनं, नाहीतर तंगडतोड करत. परत आला की जेवायचा नाही. हरायचं त्यांनी आणि माझी आमटी फुकट.

स्वतः मात्र कधी खेळला नाही. खेळवून बघितलं होतं म्हणे लहानपणी. पण हुतुतूत एका दमात 'हुतुतू' एवढंच म्हणत पलीकडे जाऊन परत यायचं असतं, मध्ये दुसरा शब्द आला की दम मोडला आणि गडी बाद. गुरुदासला ते जमेना. पलीकडे गेला की समोरच्यालाच सांगायचा, "अरे, तुझो पाय भायर जाता." ज्याला गप्प बसता येत नाही त्यानं हुतुतू खेळू नये.

आवाज मात्र देवानं दिला होता. आणि गाऱ्हाणं घालायचा मान आमच्याच घराण्याचा. आमच्याकडे गाऱ्हाण्याशिवाय काही सुरू होत नाही. विहीर खणा, नाटक लावा, सामना खेळा, एकानं पुढे उभं राहून देवाला सगळी हकीकत समजावून सांगायची, जसं काही देवाला वर बसून काही दिसतच नाही, आणि दर वाक्याला बाकीच्यांनी हात जोडून म्हणायचं, "व्हय म्हाराजा." हे कुणाला शिकवावं लागत नाही. पाळण्यातलं पोर हात जोडतं. ओटीवर घोरत पडलेला म्हातारासुद्धा झोपेतच 'व्हय म्हाराजा' म्हणतो आणि कूस बदलतो. तेव्हा सामन्याआधी गुरुदासनं गाऱ्हाणं घालायचं, मग शिट्टी, अशी पद्धत.

सत्तावन्न साली वेंगुर्ल्याला आमचा उपांत्य सामना होता. आमचा लवू, माडावर चढणारा, लांब टांगांचा, शेवटच्या चढाईला गेला. दोघांना हात लावून वळला तसे वेंगुर्लेकर त्याच्या पाठीवर पडले. लवूचं तोंड मातीत, पण दम चालू, आणि बोटं रेघेकडे सरकतायत. वीतभर राहिली होती रेघ. इकडे कडेला गुरुदासला ते सहन होईना. माणसानं अशा वेळी नख खावं, शेजाऱ्याला चिमटा काढावा. ह्यानं दोन्ही हात वर केले आणि खड्या आवाजात सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझ्या लेकराक त्या रेघेर पोचव रे म्हाराजा."

आणि मातीत तोंड असलेला लवू म्हणाला, "व्हय म्हाराजा."

दम मोडला, लवू बाद, सामना गेला. पंचानं शिट्टी जरा उशिरा फुंकली, कारण तोही तेच म्हणत होता.

परतीच्या होडीत सगळे गुरुदासकडे पाठ करून बसले. गावात बैठक बसली. आमचा कप्तान अस्लम, बंदरावरच्या मच्छीवाल्यांच्या घरातला, डोक्यानं थंड. पोरं म्हणत होती, गुरुदासला खाडीत बुडवूया. अस्लमनं त्यांना गप्प केलं आणि निकाल दिला. गाऱ्हाणं घालायचा मान गुरुदासचा आहे, तो कोणी काढून घेणार नाही. पण गाऱ्हाणं झालं की त्यानं मैदान सोडायचं, आणि सामना संपेपर्यंत आवाज पोचेल एवढ्या अंतरात यायचं नाही. मला वाटलं, आता हा भांडेल. बैठकीत दोघांची डोकी फोडील आणि येईल घरी. तो म्हणाला, "बरोबर आसा."

तेव्हापासून सामना असला की गुरुदास केवड्याच्या बनापलीकडे किनाऱ्यावर जाऊन बसे, मैदानाकडे पाठ करून. समुद्राच्या गाजेत तिकडचं काही ऐकू यायचं नाही. इथपर्यंत मला काही वाटलं नव्हतं, उलट बरं वाटलं, म्हटलं सुटला एकदाचा नाद. पण माणूस सुकायला लागला. कलमांना पाणी घालायला जाई आणि हातात रिकामी घागर घेऊन तसाच उभा राही. मला दया आली, आणि दया आली की मला राग येतो. म्हटलं, काय हवंय तुम्हाला? तर म्हणे, तू जाऊन बघ आणि मला येऊन सांग.

शिरा पडली त्या टीमीवर. घरात दोन म्हशी, शेण कोण काढणार, आणि मी जाऊन बाप्यांच्या तंगड्या बघू? पण गेले. मळ्याला लागूनच असलेल्या शाळेच्या पडवीत शेजारची सुगंधाकाकू आणि आणखी दोघी-तिघी बसायच्या, त्यांच्यात जाऊन बसले. पहिल्या दिवशी येऊन सांगितलं, खेळले, धुळीत लोळले, आपण हरलो. गुरुदास रडायच्या घाईला आला. लवू उजवीकडून घुसलो की डावीकडून? अस्लमनं घोटा धरला की गुडघा? मला काय माहीत. मग पुढच्या वेळी बघावं लागलं. उजवीकडून की डावीकडून ते लक्षात ठेवायला लागले. त्यानंतर घोटा धरणं आणि गुडघा धरणं यातला फरक कळायला लागला, आणि त्यानंतर अस्लम गुडघा धरायचा तेव्हा मला पडवीत बसून चीड यायची, कारण घोटाच धरायला हवा हे कुठल्याही शहाण्या माणसाला कळतं. त्या खेळात मला रस नव्हता. हे मी अजूनही म्हणते.

अठ्ठावन्न साली आमची टीम अंतिम सामन्याला पोचली. कशी पोचली ते देवाला ठाऊक. कुणाचा सासरा मेला नाही हे एक कारण. सामना मिठबावातच, जत्रेच्या आठवड्यात, भात कापलेल्या मळ्यात. समोर फोंडाघाट. आणि फोंड्यानं एक गडी आणला होता, घाटावरचा. फोंड्याच्या बाजारात कोल्हापूरहून गुळाच्या गाड्या उतरतात, तिथे हमाली करायचा. दोन माणसांचं ओझं एका खांद्यावर. नाव बाळा. असल्या देहाला बाळा म्हणणाऱ्या आईचा मला धाकच वाटला.

गाऱ्हाणं घालून गुरुदास किनाऱ्यावर गेला आणि इकडे बाळानं आमचं पीठ केलं. आमची पोरं त्याच्या अंगावर पडायची आणि तो त्यांना अंगावर घेऊनच रेघेपार जायचा. मध्यंतराला आम्ही चांगलेच मागे. मी पडवीत दातओठ खात बसले होते तेवढ्यात अस्लम आला, सगळं अंग मातीनं माखलेलं.

"वयनी, गुरुदासाक घेवन येवा," तो म्हणाला. "घाटी चढाईक इलो की गुरुदास गाऱ्हाणां घालतलो. घाटी 'व्हय म्हाराजा' म्हणतलो. दम गेलो."

मला ते फार पटलं. अगदी टाळी द्यावीशी वाटली. आपल्या लवूला जे नडलं तेच ह्याला नडू दे. शिवाय अस्लमनं आपल्या पोरांना बजावून ठेवलं होतं, काय वाट्टेल ते होवो, ओठ उघडायचे नाहीत. इतका विचार केला होता आम्ही. मी लुगड्याचा ओचा खोवला आणि किनाऱ्यावर धावले.

गुरुदासनं आधी गुण विचारले. सांगितले तसा डोळे मिटून बसला. चला म्हटलं तर म्हणे, मला बंदी आहे. म्हटलं, ज्यानं बंदी घातली त्यानंच बोलावलंय. तरी हलेना. म्हणाला, "गाऱ्हाणां देवाक घालूचा आसता गो. दुसऱ्याचो दम मोडूक न्हय."

मग माझं डोकं फिरलं. म्हटलं, वेंगुर्ल्यात आपल्याच माणसाचा दम मोडलात तेव्हा नव्हता हा देव आठवला? फोंड्याच्या लोकांनी घाटावरचा बैल आणून जुंपलाय, त्याला चालतं, आणि तुम्हाला देवाची भीड? तो उठला. दहा पावलं चालला, मग धावायलाच लागला, आणि माझ्या आधी मळ्यात पोचला. दीड वर्षांनी सामना बघत होता.

दुसऱ्या डावात आमच्या पोरांना काय झालं कोण जाणे. लवू असा खेळला की म्हातारी माणसं उठून उभी राहिली. गुण बरोबरीला आले. शेवटची चढाई फोंड्याची, म्हणजे बाळाची. तो आत आला आणि अस्लमनं झेप घालून त्याचा घोटा धरला. घोटा! लवूनं कंबर धरली, बाकीचे पाच वर पडले, आणि तो डोंगर खाली आला. सात जणांच्या खालून त्याचं हुतुतू ऐकू येत होतं, आणि ते बारीक होत चाललं होतं. आता काहीच करायला नको होतं. नुसतं धरून ठेवायचं होतं. ढाल आमची होती.

पण गुरुदासला सांगितलेलं, घाटी चढाईला आला की घाल. आणि दीड वर्षाचं सगळं त्याच्या छातीत साठलेलं. त्यानं हात वर केले आणि तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला की बाळा घाटावरचा. त्याला काय ठाऊक गाऱ्हाणं. मी त्याचं धोतर ओढलं. उशीर झाला होता.

"बा देवा म्हाराजा, ह्या घाट उतरान इल्लेल्या माणसाचो दम आज हंयच संपव रे म्हाराजा."

मिठबावच्या सात जणांनी ओठ मिटून ठेवले. कबूल केल्याप्रमाणे एकाच्याही तोंडातून शब्द आला नाही. पण हातांना कुणी काही बजावलं नव्हतं. चौदाच्या चौदा हात बाळाच्या अंगावरून उठले आणि जोडले गेले. लवूचे गेले, अस्लमचे गेले. नंतर अस्लमला कुणी तरी चिडवलं तर म्हणाला, "टीमीचे सगळ्यांचे गेले, माझेच काय वेगळे ऱ्हवतले?"

बाळा उठला. दम अजून चालू होता, हळू आवाजात. समोर सात माणसं हात जोडून उभी, चहूकडे सगळा गाव हात जोडून उभा, फोंड्याची माणसंसुद्धा. त्याला वाटलं असावं, इकडे हरताना असंच करतात. त्यानं मान लववून नमस्कार स्वीकारला आणि बाजारातून घरी जावं तसा चालत रेघेपार गेला. सातही जण बाद. आमच्यावर लोण चढला आणि ढाल फोंड्याला गेली.

मग जे झालं ते सांगण्यासारखं नाही. चप्पल आली, नारळाची सोडणं आली. अस्लम मध्ये पडला म्हणून गुरुदास धड घरी पोचला. अस्लम खुल्या मनानं म्हणाला, बोलावलं मी. पण लोकांना ते ऐकायचं नव्हतं. दुसरी बैठक. आता गाऱ्हाण्याचा मानही चुलत दिराकडे गेला, त्याचा आवाज बोकडासारखा. आणि गुरुदासला बंदी जन्माची: मिठबावची टीम जिथे खेळेल तिथे ह्यानं ती बघायची नाही. हा पुन्हा म्हणाला, "बरोबर आसा." मी घरी येऊन भांडी आपटली. माझा राग त्यांच्यावर होता, ह्याच्यावर होता, आणि त्या चौदा हातांवरही होता.

आठ दिवसांनी फोंड्याहून गुळाची ढेप आली. आभारादाखल. गुरुदासनं तिला हात लावला नाही. मी खाल्ला, चांगला होता गूळ. त्याच्या पुढच्या वर्षी आमंत्रण आलं. अंतिम सामना फोंड्याला आहे, गुरुदासनी सन्माननीय पाहुणे म्हणून यावं, आमच्या विजयाचे शिल्पकार म्हणून त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची दिली जाईल. आणि दैव बघा, समोर आमचीच टीम पोचली होती.

हा निघाला. इस्त्रीचा सदरा, डोक्याला टोपी. मला बरोबर घेतलं. एस्टीत आमची टीम होती, त्यांनी ह्याचा सदरा बघितला आणि समजायचं ते समजले. लवूनं खिडकीतून थुंकल्यासारखं केलं. मीही मनात म्हटलं, विकला गेला माझा घोव, एका खुर्चीला. पण त्याचं तरी काय चुकलं? ज्यांच्यासाठी जन्म घालवला त्यांनी हाकललं, आणि परक्यांनी बोलावलं. मला त्याचा राग येईना, आणि त्यामुळे आणखीच राग आला.

फोंड्यात ह्याला हार घातला. डॉक्टरांच्या घरून हातांची खुर्ची आणली होती, अगदी मधल्या रेघेसमोर. तिथून घामसुद्धा दिसला असता. दोन्ही टीम आत आल्या. गुरुदासनं मिठबावच्या पोरांकडे एकदा बघितलं, पोटभर बघितलं, आणि गळ्यातला हार काढून खुर्चीच्या हातावर ठेवला. फोंड्याच्या पुढाऱ्यांना त्यानं कचेरीतल्यासारखं शुद्ध बोलून सांगितलं की आपण मान दिलात, आभारी आहे, पण आमच्या टीमनं मला सामना बघायची बंदी केली आहे.

पुढारी हसले. ती तुमच्या गावात, इथे फोंड्यात कोण विचारतो, म्हणाले.

"टीम माझी आसा," गुरुदास म्हणाला. "बंदीय माझीच."

मी त्याची बाही धरली आणि विचारलं, मग आलात कशाला एवढे चाळीस मैल? त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही वेड मलाच लागलंय.

"आमची टीम खेळता, आणि मी घरात बसू?"

आणि गेला. बाजार ओलांडून घाटाच्या रस्त्याला, जिथे गाड्या सुटतात तिथे. मैदानाकडे पाठ करून चालत गेला. अस्लम आणि लवू रेघेवर उभे राहून त्याच्या पाठीकडे बघत होते. बंदी उठवली वगैरे काही झालं नाही, आमच्या गावची माणसं इतक्या सहज विरघळत नाहीत. लवूनं मनगटानं नाक पुसलं, एवढंच मी पाहिलं.

खुर्ची रिकामी होती. मी तीत बसले. पुढाऱ्यांनी तोंडं वाकडी केली, पण आमंत्रण आमच्या घराला होतं. फोंड्याच्या मधोमध, फोंड्याच्या खुर्चीत बसून मी मिठबावच्या नावानं अशी ओरडले की मागच्या बाया पदर तोंडाला लावून बघत राहिल्या. अस्लमला घोटा सांगितला, लवूला डावी बाजू सांगितली, पंचाच्या आईला जे सांगितलं ते इथे सांगत नाही. अर्ध्यावर खुर्ची सोडून मी रेघेपाशी कधी गेले ते मला कळलं नाही. बाळाला आमच्या पोरांनी दोनदा पाडला आणि धरून ठेवला. आणि शेवटी लवूचा हात रेघेला टेकायच्या आत दम संपला. एका गुणानं हरलो.

मी बाजार ओलांडून गाड्यांपाशी गेले. गुरुदास एका जुवावर बसला होता. मला बघून उठला. मी तोंड उघडलं तर आवाजच येईना, घसा पार गेलेला.

"हरलो?" त्यानं विचारलं.

मी मान हलवली.

"कितक्यान?"

मी एक बोट वर केलं. त्याचा चेहरा उजळला. म्हणाला, एका गुणान? फोंड्याक? त्यांच्या मैदानार? आणि बाळाला पाडला का, घोटा धरला का, डावीकडून का, एकामागून एक विचारत सुटला. मी माना हलवत होते, आणि हलवता हलवता मला रडू फुटलं. भर रस्त्यात, गाडीवाल्यांसमोर, हमसून हमसून. म्हैस मेली तेव्हा रडले नव्हते एवढी रडले.

गुरुदास जरा घाबरला. मग त्यानं टोपी काढून माझ्या हातात दिली, डोळे पुसायला, मला त्या जुवावर बसवलं आणि शेजारी बसला.

"सुरवातीक असाच होता गो," तो म्हणाला. "मगे सवय होता."